माडीवरचा दिवा

आमच्या वाड्याच्या माडीवर, रस्त्याच्या बाजूच्या दोन खोल्यांत, दररोज संध्याकाळीं सातच्या सुमारास दिवा लागतो. तो वीसएक मिनिटें जळतो आणि मालवतो. मग जिन्यावर चपला वाजतात, दिंडीचा अडसर सरकतो, आणि गल्लींत स्कूटर सुरू झाल्याचा आवाज येतो. ह्या वीस मिनिटांत त्या खोल्यांत कोणी स्वयंपाक करीत नाहीं, वाचीत नाहीं, निजत नाहीं. देवापुढें एक निरांजन लागतें, नळ एकदां सोडून बंद केला जातो, खिडकी उघडून पुन्हां लावली जाते. एवढ्यानें त्या खोल्या 'वापरांत' आहेत असें होतें. सलग सहा महिने सबळ कारणावांचून जागा वापरली नाहीं तर ती परत मागण्याचा हक्क कायदा घरमालकाला देतो. म्हणून तो दिवा. घरमालक मी आहें.

'माझ्या माडीवरच्या खोल्या' असें म्हणतांना माझी जीभ नेहमीं किंचित् अडखळते. उताऱ्यावर नांव माझें आहे, घरपट्टी मी भरतों, कौलें सरकून पाणी गळूं लागलें तर जबाबदार मीच. परंतु त्या खोल्यांची किल्ली आजपर्यंत माझ्या हातीं आलेली नाहीं; माझ्या वडिलांच्याहि आली नव्हती. ज्याच्या खिशांत ती किल्ली आहे त्यानें दरमहा एकसष्ट रुपये मला मोजून द्यावे आणि मीं त्याची पावती फाडावी, एवढाच आमचा कायदेशीर संबंध. एकसष्ट रुपयांत आज पुण्यांत दोन माणसांचा चहा-फराळ तरी होईल कीं नाहीं, याची मला शंका आहे. पण हा लेख मी तक्रार म्हणून लिहावयास बसलों नाहीं. तक्रार करावयाची तर ती कोणाविरुद्ध, हेंच मला गेलीं पंचवीस वर्षें नीटसें ठरवितां आलेलें नाहीं.

वाडा आजोबांनीं १९३४ सालीं घेतला. ते सरकारी कचेरींत कारकून होते. घरमालक म्हटला म्हणजे नाटकांतला तो पोट सुटलेला, एका हातांत छत्री व बगलेंत खातेवही धरलेला गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. आजोबांजवळ उभ्या आयुष्यांत दोनच कोट होते, आणि त्यांतला एक ठिगळाचा होता. वाड्यासाठीं त्यांनीं आजीच्या पाटल्या मोडल्या, राहिलेली रक्कम व्याजानें काढली, आणि तें कर्ज अकरा वर्षें फेडलें. पेन्शन तुटपुंजी पडणार, पदरीं दोन विधवा बहिणी, तेव्हां म्हातारपणाची सोय म्हणून हा सारा खटाटोप. त्या काळच्या मध्यमवर्गीय माणसाला पैसे ठेवावयास दोनच जागा ठाऊक होत्या : एक सोनें आणि दुसरी विटा-माती. सोनें चोर नेईल, विटा-माती कोण नेणार, असा त्यांचा हिशेब. चौकाभोंवतीं सात बिऱ्हाडें होतीं आणि त्यांचें मिळून महिन्याला ब्याण्णव रुपये भाडें येई. १९३८ सालीं माडीवरच्या दोन खोल्यांत शाळेंतले एक मास्तर सहकुटुंब राहावयास आले. भाडें अठरा रुपये ठरलें. करारनामा वगैरे कांहीं झालें नाहीं. आजोबांनीं सुपारी पुढें केली आणि मास्तरांनीं ती घेतली. हे अठरा रुपये पुढें कित्येक वर्षें दोन्ही घरांच्या मानगुटीस बसणार आहेत, हें तेव्हां कोणाच्या ध्यानीं येणार ?

मग युद्ध आलें. युद्धकाळीं शहरें फुगतात, बांधकाम थांबतें, आणि ज्याच्याजवळ छप्पर आहे तो, ज्याच्याजवळ नाहीं त्याच्याकडून, वाटेल ती किंमत मागूं शकतो. पहिल्या महायुद्धांत ग्लासगो शहरीं हेंच झालें होतें. गोद्यांत आणि कारखान्यांत लोटलेली गर्दी पाहून तेथल्या घरमालकांनीं भाडीं चढविलीं. तेव्हां मेरी बार्बर नांवाच्या बाईनें व तिच्या शेजारणींनीं वाढीव भाडें देण्याचें साफ नाकारलें, घराबाहेर काढावयास आलेल्या अंमलदारांना पिठानें माखून पिटाळलें, आणि १९१५ च्या अखेरीस ब्रिटिश पार्लमेंटला भाडीं युद्धपूर्व पातळीवर बांधून टाकणारा कायदा करावा लागला. त्याच वाटेनें मुंबई इलाख्यांत १९१८ सालीं भाडेनियंत्रण आलें. दुसऱ्या युद्धांत १९३९ आणि १९४४ सालीं आणखी कायदे झाले. आणि शेवटीं १९४७ चा तो प्रसिद्ध मुंबई भाडेनियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलांत आला. १ सप्टेंबर १९४० रोजीं ज्या जागेचें जें भाडें होतें तेंच तिचें 'प्रमाण भाडें'. त्याहून अधिक घेणें बेकायदा. करांत वाढ झाली किंवा मालकानें कांहीं सुधारणा केली तर तेवढ्यापुरती थोडी सवलत. भाडें वेळेवर देणाऱ्यास उगाच काढतां येणार नाहीं. तो वारला तर त्याच्याबरोबर राहणारा त्याच्या घरचा माणूस भाडेकरू होईल. आमची मालकी जशी वारशानें आली, तसें त्यांचें भाडेकरूपणहि वारशानें आलें.

त्या वेळची परिस्थिति ध्यानांत घेतां ह्या कायद्यांत मला कांहींच वावगें दिसत नाहीं. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते. बाजारावर सोडलें असतें तर मास्तरांसारखीं माणसें रस्त्यावर आलीं असतीं. आजोबांनाहि तसेंच वाटे. 'दिवस पालटले कीं हा कायदाहि जाईल,' असें ते म्हणत. त्यांचें म्हणणें अगदींच भोळेपणाचें नव्हतें, कारण कायदा मुदतीचा होता. परंतु मुदत संपत आली कीं ती वाढवीत. पाहुणा म्हणून आलेल्यानें उद्यां जातों, परवां जातों म्हणत अर्धें शतक काढावें, तसें झालें.

मी जन्मण्यापूर्वीची एक गोष्ट आमच्या घरांत इतक्या वेळां सांगितली गेली आहे कीं ती मीं पाहिलीच आहे असें मला वाटतें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि मुठेचें पाणी पेठांत शिरलें. आम्ही तळमजल्यावर, मास्तर माडीवर. पाणी जिन्याची नववी पायरी चढलें तेव्हां वडिलांनीं आजीला पाठुंगळीस घेऊन वर नेलें. पुढें दीड महिना, खालचा गाळ निघून भिंती वाळेपर्यंत, घरमालकाचें सारें कुटुंब भाडेकरूच्या दोन खोल्यांत राहिलें. मास्तरांच्या पत्नीनीं, ज्यांना आम्ही मुलें पुढें माडीवरच्या काकू म्हणूं लागलों, अकरा माणसांचा स्वयंपाक एका शेगडीवर केला. महिना भरल्यावर मास्तर नेहमींप्रमाणें अठरा रुपये द्यावयास गेले. आजोबांनीं हात मागें घेतला. त्या दीड महिन्यांत मालक कोण आणि भाडेकरू कोण, हें सांगणें खुद्द कायदा लिहिणारालाहि अवघड गेलें असतें.

मागील भिंत मात्र कोसळली होती. ती उभी करण्यास आणि तुळया बदलण्यास चार हजार रुपये लागले. वाड्याचें सबंध वर्षाचें भाडें अकराशेंच्या आंतबाहेर. म्हणजे जवळजवळ चार वर्षांचें उत्पन्न एका भिंतींत गेलें. दुरुस्तीची जबाबदारी कायद्यानें मालकाची, आणि भाडें १९४० चें. गवंड्याची मजुरी, चुना, सागवान यांपैकीं कोणीहि १ सप्टेंबर १९४० रोजीं थांबून राहिलें नव्हतें. आजोबांनीं पुन्हां कर्ज काढलें आणि तें वडिलांना वारशांत दिलें.

दोन घरांत बिघाड झाला तो पांच रुपयांवरून. १९७४ सालीं वडिलांनीं वाड्यांतल्या विजेच्या जुन्या तारा बदलून घेतल्या आणि प्रत्येक बिऱ्हाडाकडे महिन्याला पांच रुपये अधिक मागितले. इतरांनीं कुरकुरत दिले. मास्तर तत्त्वाचे. 'कायद्यांत बसेल तितकें देईन. पांचच कां, तें मला कागदावर दाखवा,' असें त्यांनीं सांगितलें. वडिलांचा स्वभाव तापट. त्यांनीं त्या महिन्याचे अठरा रुपयेहि परत केले. भाडें थकलें असें कोणास म्हणतां येऊं नये म्हणून मास्तरांनीं दुसऱ्याच दिवशीं तें मनिऑर्डरनें पाठविलें. तेव्हांपासून नऊ वर्षें, मास्तर वारले तोंपर्यंत, माडीवरचे अठरा रुपये पोस्टांत जाऊन, शिक्का खाऊन, खाकी पिशवींतून खालीं ओट्यावर येत. अंतर पाहावयास गेलें तर सोळा पायऱ्यांचें. पोस्टमन जिन्याखालीं उभा राहून मोठ्यानें आमचें नांव पुकारी, आणि वर खिडकींत मास्तर पाठमोरे उभे असत. कूपनावर ते नेमानें दोन ओळी लिहीत : अमुक महिन्याचें भाडें पाठविलें आहे, पोंचल्याची सही व्हावी. एकदां मात्र, मला गोवर आला होता त्या महिन्यांत, खालीं बारीक अक्षरांत 'बाळाचा ताप उतरला काय ?' असें होतें. वडिलांनीं तें वाचलें, सही केली आणि कूपन खिळ्याला अडकविलें. उत्तर धाडलें नाहीं. धाडणार तरी कोणत्या फॉर्मवर? पण दुसऱ्या दिवशीं आईनें मला चौकांत उन्हाला आणून बसविलें, आणि तें नेमकें अशा ठिकाणीं कीं माडीवरून दिसावें.

मास्तरांचा धाकटा मुलगा माझ्याच वयाचा. आम्हां दोघांचें बोलणें बंद करावें असें मोठ्यांना सुचलें नाहीं, किंवा सुचूनहि जमलें नाहीं. चौकांतल्या गोट्यांना भाडेनियंत्रण कायदा लागू नव्हता.

थोरल्या भावाचें लग्न झालें आणि १९७९ सालीं वडिलांनीं माडीवरच्या खोल्यांसाठीं दावा लावला. अशा दाव्यांत मालकाची गरज खरी असावी लागते, आणि त्यावर आणखी एक गोष्ट तोलली जाते : जागा सोडावी लागल्यानें भाडेकरूचे अधिक हाल होतील, कीं ती न मिळाल्यानें मालकाचे. ऐकावयास हें न्याय्य वाटतें. प्रत्यक्षांत त्याचा अर्थ असा होतो कीं, एका छपराखालीं चाळीस वर्षें राहिलेल्या दोन कुटुंबांनीं तिऱ्हाइतापुढें उभें राहून माझें दुःख मोठें असें शाबीत करावयाचें. आमच्या वकिलांनीं मास्तरांच्या थोरल्या मुलाचा पगार बाहेर काढला. त्यांच्या वकिलांनीं आमच्या गांवाकडचें पडकें घर बाहेर काढलें. आणि मग तो दीड महिनाहि निघाला. पुराच्या वेळीं दोन खोल्यांत अकरा माणसें राहूं शकलीं, तर आज चार खोल्यांत सहा माणसांना जागा अपुरी कशी, असा प्रश्न वडिलांना साक्षींत विचारण्यांत आला. वडील त्या दिवशीं घरीं येऊन जेवले नाहींत. माडीवरहि त्या रात्रीं चूल पेटली नाहीं असें आई सांगे. निकाल नऊ वर्षांनीं लागला, तो काकूंच्या बाजूनें. मास्तर मध्यंतरीं गेले होते, आणि ज्याच्यासाठीं जागा हवी होती तो भाऊ नाशिकला स्थायिक झाला होता. कायद्याप्रमाणें निकाल बरोबरच होता, असें मला आज वाटतें. दावा चालू असतांनाच काकूंनीं मनिऑर्डर बंद केली होती. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत हळदीकुंकवाला आल्यासारख्या खालीं येत आणि आईच्या हातावर पैसे ठेवीत. दोन्ही वकिलांना हें कळलें असतें तर त्यांनीं कपाळाला हात लावला असता.

येथपर्यंत वाचून वाचकांना वाटेल कीं हा घरमालकांचा वकील बोलतो आहे. तेव्हां माझी दुसरी बाजू सांगतों. १९८९ सालीं एम्. ए. करण्यासाठीं मी मुंबईस गेलों आणि गिरगांवांत मामांकडे राहिलों. मामा छापखान्यांत जुळारी होते. चाळींतली एक खोली, बाहेर गॅलरी, टोंकाला सामाईक मोऱ्या. खोलींत मामा, मामी, तीन मुलें आणि मी. भाडें चौदा रुपये, कारण तेंहि १९४० चें. बाजारभावानें भाडें द्यावें लागतें तर मामांना गिरगांवांत स्वतःला राहतां आलें नसतें, मग भाच्याला कोठून ठेवणार ? माझी पदवी, माझी नोकरी, इंग्रजी वाङ्मयावर चारचौघांत बोलण्याचा माझा अधिकार, हें सारें त्या चौदा रुपयांवर उभें आहे. चाळीच्या मालकाला कोणीं पाहिलें नव्हतें. त्याचा मेहताजी येऊन पावत्या देई. गॅलरीचा कठडा एका ठिकाणीं मोडला होता आणि तेथें दोरी बांधली होती. कोणी तिकडे बोट दाखविलें कीं मामा म्हणत, 'मालक बघेल.' मीहि तेंच म्हणूं लागलों. तो मालक कोण, त्याच्या पदरीं बहिणी किती, त्यानें कोणाच्या पाटल्या मोडल्या, हे प्रश्न मला दोन वर्षांत एकदांहि पडले नाहींत. पुण्यास आलों कीं मी अन्यायाचा बळी असें, आणि दादरला गाडींतून उतरलों कीं त्याच अन्यायाचा लाभार्थी.

बर्नार्ड शॉचें 'विडोअर्स हाउसेस' हें पहिलें नाटक मीं कित्येक वर्षें वर्गांत शिकविलें आहे. १८९२ सालीं तें रंगभूमीवर आलें. त्यांतला तरुण डॉक्टर, भावी सासऱ्याचा पैसा गलिच्छ चाळींच्या भाड्यांतून येतो असें कळतांच, तो नाकारतो. आणि लगेच त्याला कळतें कीं स्वतःचें उत्पन्नहि त्याच चाळींवरील गहाणाच्या व्याजांतून येत आहे. मुलें येथें हंसतात. मला दर वर्षीं त्या जागीं घसा साफ करावा लागे. शॉनें भाड्याच्या मागें उभें असलेलें व्याज दाखविलें, आणि पार्लमेंटनेंहि १९१५ च्या कायद्यांत घरभाड्याबरोबर अशा घरांवरील गहाणांचें व्याजहि बांधून टाकलें. आजोबांचें भाडें बांधलें गेलें. त्यांच्या कर्जाचें व्याज मात्र कोणीं बांधलें नाहीं.

माझें म्हणणें एवढेंच आहे. मास्तरांना आणि मामांना परवडेल असें घर मिळणें हें समाजाचें कर्तव्य होतें, यांत मला संशय नाहीं. पण समाजाचें कर्तव्य समाजानें करावें. कराच्या रूपानें तें सर्वांच्या खांद्यांवर थोडें थोडें यावें. तें न करतां, ज्यानें १९४० पूर्वीं घर भाड्यानें देण्याची चूक केली त्याच्या एकट्याच्या माथीं तें मारलें, आणि तो फाटका कारकून आहे कीं पन्नास चाळींचा धनी आहे हेंहि पाहिलें नाहीं. सरकारच्या तिजोरींतून ह्या औदार्यासाठीं एक पैहि जात नसल्यामुळें मुदत वाढविणें सोपें होतें. वाईट वाटतें तें आणखी एका गोष्टीचें. भाडेकरूनेंहि शेवटीं काय मिळविलें ? भाडें थांबलें आणि घर खचत गेलें. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूनें परक्याच्या भिंतींत पैसा कां घालावा; दोघेहि आपापल्या परीनें शहाणे, आणि वर कौलें सरकत होतीं. ज्यांनीं त्यानंतर पैसा घातला त्यांनीं भाड्याचीं घरें बांधलींच नाहींत. विकावयाचे फ्लॅट बांधले. ज्याला विकत घेण्याची ऐपत नाहीं त्याच्यासाठीं जुन्या वाड्यांत आणि चाळींत कोपरा उरला, तोहि पागडी मोजल्याशिवाय मिळेना.

१९ डिसेंबर १९९७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मलपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यांत निकाल दिला. जन्मतः रास्त असलेला कायदा काळ लोटल्यावर अन्याय्य होऊं शकतो, आणि गोठविलेल्या भाड्याचें तसें झालें आहे, असें न्यायाधीशांनीं म्हटलें. कॉलेजच्या प्राध्यापक-कक्षांत तें वाचून मी उठून उभा राहिलों होतों. वडील हयात असते तर, असें मनांत आलें. पण कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजीं संपतच होती. म्हणून न्यायालयानें तीं कलमें रद्द केलीं नाहींत, नवा कायदा व्हावा एवढी अपेक्षा व्यक्त केली. मुदत अर्थातच पुन्हां वाढली. नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानें मोठ्या बँका व एक कोटि रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेलें भांडवल असलेल्या कंपन्या यांचें संरक्षण काढून घेतलें, तें योग्यच केलें. आमच्यासारख्यांना जुन्या भाड्यावर एकवार पांच टक्के आणि पुढें दर सालीं चार टक्के वाढ मिळाली. करांतल्या वाढीमुळें माडीवरचें भाडें तोंवर बावीस रुपये झालें होतें. बाविसांवर पांच टक्के, आणि मग चार टक्के चक्रवाढीनें जरी धरले, तरी पंचवीस वर्षांत एकसष्ट रुपये आणि कांहीं पैसे होतात. पैसे मी सोडून देतों.

मालमत्तेचा हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें मूलभूत हक्कांतून निघाला, हें मी जाणतों, आणि त्याबद्दल मला फारसें दुःख नाहीं. मुंबईंतल्या जुन्या इमारतींसाठीं तर १९८६ सालीं कायद्यांत अशी दुरुस्ती झाली कीं, सत्तर टक्के भाडेकरूंनीं सहकारी संस्था करून मागणी केल्यास, महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट रक्कम मालकाला देऊन ती इमारत घेतां यावी. पुण्याच्या वाड्याला तें लागू नव्हतें, तरी मीं कागदावर हिशेब करून पाहिला : माडीवरच्या दोन खोल्यांचे बाविसशें रुपये. त्या दुरुस्तीवरून निघालेला वाद १९९२ पासून सर्वोच्च न्यायालयांत होता. ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं नऊ न्यायाधीशांच्या पीठानें बहुमतानें ठरविलें कीं, प्रत्येक खासगी मालमत्ता ही घटनेच्या अर्थानें समाजाचें भौतिक साधन ठरत नाहीं. बत्तीस वर्षांत किती अर्जदार आणि किती जिने कोसळले असतील, कोण जाणे.

आतां उलट टोंक पाहा. माझी मुलगी मुंबईस नोकरी करते. पांच वर्षांत तिनें चार घरें बदललीं. अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स'चा करार, त्याची नोंदणी, अनामत रक्कम, आणि मुदत संपली कीं बिऱ्हाड पाठीवर. भाड्याला मर्यादा नाहीं. तिच्या सध्यांच्या घराची मालकीण एक निवृत्त परिचारिका आहे. एवढा एकच फ्लॅट तिच्या नांवावर, आणि त्याच्याच भाड्यावर ती राहते. फार भली बाई. पण भिंतीला खिळा ठोकूं देत नाहीं. खिळा ठोकला कीं माणूस रुजतो, अशी तिची समजूत असावी, आणि आमच्या वाड्याचा इतिहास ठाऊक असल्यामुळें मला ती अगदींच खुळी म्हणवत नाहीं. मामांना कोणी हालवूं शकत नव्हतें. मुलीला कोणीहि हालवूं शकतें. मामांच्या चौदा रुपयांचें राहिलेलें देणें माझी मुलगी फेडीत आहे असें कधीं कधीं मनांत येतें.

काकू २०१६ सालीं गेल्या. सात बिऱ्हाडांपैकीं आतां तीन राहिलीं आहेत. माडीवरच्या खोल्या मास्तरांच्या धाकट्या मुलाकडे आल्या, म्हणजे माझ्या गोट्यांच्या भिडूकडे. तो कोथरूडला स्वतःच्या घरीं राहतो आणि रोज संध्याकाळीं येऊन दिवा लावून जातो. माझे वकील म्हणतात, 'विजेचीं बिलें पाहा. सहा महिन्यांत किती युनिटें जळलीं तें कोर्टाला दाखवूं.' मीटर आमच्या ओट्यावरच आहेत, त्यामुळें मीं तें पाहिलें होतेंच. त्यांनीं नोटीसहि लिहून दिली. ती माझ्या टेबलाच्या खणांत गेल्या दिवाळीपासून आहे.

गेल्या महिन्यांत तो भाडें घेऊन आला तेव्हां मीं पावती फाडण्यापूर्वीं ती नोटीस त्याच्यापुढें ठेवली. त्यानें चष्मा लावून ती सावकाश वाचली. शेवटीं मास्तरांचा मुलगा. दुसऱ्या परिच्छेदांतली विभक्तीची एक चूक त्यानें बोटानें दाखविली.

'तूं माझ्या जागीं असतास तर काय केलें असतेंस ?' मीं विचारलें.

तो हंसला. 'अरे, मी तुझ्या जागींच आहें. मुलासाठीं म्हणून बाणेरला फ्लॅट घेतला. तो बसला अमेरिकेंत. भाड्यानें दिला आहे. करार संपावयाच्या आधीं दोन महिने माझी झोप उडते. भाडेकरू चांगला आहे रे, पण चांगला माणूसच राहून राहिला तर ?'

'मग माडीवरचा दिवा कशाला ?'

'आईनें त्या देवळींत जन्मभर लावला.' थोडा वेळ थांबून तो म्हणाला, 'आणि तुझ्यापाशीं खोटें कशाला बोलूं, उद्यां बिल्डर आला तर भाडेकरूलाहि जागा मिळते.'

मलाहि खोटें बोलवेना. बिल्डर दोनदां येऊन गेला आहे, आणि माडी मोकळी असेल तर माझ्या वांट्याला किती अधिक येईल तें त्यानें मला कागदावर मांडून दाखविलें आहे, हें मीं त्याला सांगितलें. त्यानें आंकडा विचारला. मीं सांगितला. दोघेहि कांहीं वेळ गप्प बसलों.

मग आम्ही बॅटरी घेऊन वर गेलों. ह्या पावसाळ्यांत माडीवरची मधली तुळई तडकली आहे, आणि इमारत धोकादायक असल्याची महानगरपालिकेची नोटीस दोघांनाहि आली आहे. जेथें १९६१ सालीं अकरा माणसें निजलीं होतीं तेथें आतां एक लोखंडी खाट, एक घडवंची आणि देवळींत काकूंची समई आहे. त्यानें बॅटरी धरली, मीं काठीनें तुळई ठोकून पाहिली. आवाज पोकळ आला. दुसऱ्या दिवशीं सुतार बोलावला. दोन जाड वांसे टेकू म्हणून लावावे लागतील, असें तो म्हणाला, आणि खालींवर पाहत त्यानें विचारलें, 'पैसे कोणाकडून घ्यावयाचे ?' माझ्या वकिलांच्या मतें ह्या कामासाठीं भाडेकरूकडून पैसे घेणें मला अडचणीचें. त्याच्या वकिलांच्या मतें ते देणें त्याला अडचणीचें. टेकू त्याच संध्याकाळीं लागले. पैसे आम्ही निम्मे निम्मे दिले, आणि त्याची पावती कोणींच कोणाला दिली नाहीं.